फॉरवर्डमध्ये नसलेलं लहानपण सांगा (खेड्यातलं, विदर्भातलं)

पांदण (मूळ गाव दारव्हा तालुका, सध्या पुणे)

आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे. १९९१ ची बॅच, म्हणजे सगळे पन्नाशीत. कोणाचे गुडघे बोलून राहिले, कोणाच्या पोरीचं लग्न जमून राहिलं, कोणी बीपीच्या गोळीचं नाव विचारतो. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी 'गेले ते दिवस' छापाचा फॉरवर्ड टाकतो. त्यात कंदील, कौलारू घर, अंगणात रांगोळी, आजोळचे आंबे आणि फणस सोलत बसलेली आजी. खाली बाकीचे हात जोडतात, बदाम पाठवतात.

फणस! आमच्या गावात फणसाचं एक झाड नव्हतं. मी गरा पहिल्यांदा खाल्ला तो पुण्यात नोकरीला लागल्यावर, आणि खरं सांगायचं तर काही विशेष आवडला नाही. पण परवा आमच्याच वर्गातला एक गडी त्या चित्राखाली लिहितो, "सेम आपलं लहानपण, भाऊ." मी त्याला फोनच लावला. म्हटलं, अबे, तुझ्या घरी फणस कुठून आला? तर म्हणतो, "आजीकडे असंन बे." याची आजी आमच्याच गल्लीत राहायची. तिच्या दारात कडुनिंब होता आणि त्याच्या बुडाशी दोन बकऱ्या.

बरं, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळून राहिलं. सगळ्यांचं एकच तयार लहानपण मिळत असताना स्वतःचं कोण शोधत बसेल? मला त्याचाच राग येतो. कोकणातल्या, पुण्यातल्या माणसाने फणस आठवावा, बिनधास्त आठवावा, त्याचा तो आहे. आपलं काय?

आधी माझं सांगतो, मग तुम्हाला विचारतो.

आमच्या घरात तीन खोल्या होत्या आणि दिवाळीपासून पुढे त्यातली मधली आमची नसायची, कापसाची असायची. वेचणी सुरू झाली की रोज संध्याकाळी गाठोडी त्या खोलीत रिकामी व्हायची आणि ढीग चढत चढत मयालीला लागायचा. खोलीत चिमणी न्यायला सक्त बंदी. बाबा एरवी बोलत नसत, पण कोणाच्या हातात काडेपेटी दिसली की त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू यायचा. अंधारातच आम्ही भाऊ-बहिणी माळ्यावर चढायचो आणि खाली उडी मारायचो. पोटापर्यंत आत जायचो. आत कापूस कोमट असतो, थंडीच्या दिवसांतसुद्धा. त्याला एक वास असतो, सरकीचा, थोडा तेलकट, वाळल्या पानांचा चुरा मिसळलेला. नाकात जाऊन बसतो. बाहेर आलो की मानेला, काखेत खाज, आणि रात्री बारीक काळे किडे कानाशी वळवळायचे. आई आम्हाला दारात उभं करून लुगड्याच्या पदराने झटकायची आणि प्रत्येकाला एकेक धपाटा द्यायची. धपाटा उडीसाठी नव्हता. उड्या मारून कापसात पत्ती मिसळते आणि केंद्रावरचा ग्रेडर एक बोट आत घालून ती पत्तीच काढतो, त्यासाठी.

तेव्हा एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. कापूस व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारी केंद्रावरच न्यायचा. आदल्या रात्री बंडी, म्हणजे बैलगाडी, भरायची. बंडीला दोन्ही बाजूंनी ताट्या बांधून, आतून बारदाना लावून कापूस ओतायचा आणि तुडवायचं काम आम्हा पोट्ट्यांचं. तुडवता तुडवता आपण वर वर येतो. शेवटी इतके उंच होतो की घराच्या कवेलूंवर काय काय पडलं आहे ते दिसते. हरवलेला चेंडू मला असाच सापडला होता. पहाटे बाबा निघायचे आणि नंबर लागेपर्यंत तिथेच बंडीवर झोपायचे. आई भाकरीचं फडकं यष्टीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची, आणि ते बरोबर पोहोचायचं.

पैसे लगेच हातात नसत. चुकारा मागून यायचा. म्हणून आमच्या घरी दिवाळीचे कपडे बऱ्याचदा संक्रांतीला शिवले जात. वर्गात संक्रांतीला नवी चड्डी कोणाची, यावरून कोणाच्या घरचा कापूस केव्हा गेला ते कळायचं. हे कोणत्या फॉरवर्डमध्ये आहे?

दुसरी गोष्ट शकुंतलेची. बाहेरच्यांसाठी: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर अशी छोट्या रुळांची गाडी. इंग्रजांनी कापूस न्यायला टाकली, मालकी शेवटपर्यंत खाजगी कंपनीची. आम्ही लहान असताना वाफेचं इंजिन होतं, १९९४ ला डिझेल आलं, आता तर रूळ गवतात आहेत. लोक तिच्यावर विनोद करतात, की माणूस उतरून बोरं वेचून परत चढायचा. आम्हाला ती विनोद नव्हती, घड्याळ होती. वावरात बाया शिटी ऐकूनच भाकरी सोडायच्या. गाडी उशिरा आली तर जेवण उशिरा. माझ्या आजीला यष्टी सोसत नव्हती, डिझेलच्या वासानं तिला मळमळायचं, म्हणून ती माहेरी गाडीनंच जायची. ती पांदणीतून, म्हणजे वावरांमधल्या वाटेने, हात हलवत, "थांब रे बाबू, येऊन राह्यली" असं ओरडत यायची आणि गाडी थांबायची. ड्रायव्हर तिच्या ओळखीचा होता असं आम्हाला कितीतरी वर्षं वाटत होतं.

तर विचारायचं हे: तुमच्या गावचं असं सांगा, जे फॉरवर्डमध्ये बसत नाही. एक वस्तू, एक काम, एक वास. आणि 'किती छान होतं' एवढ्यावर सोडू नका, ते कसं चालायचं ते सांगा. शाळेतल्या सुकडीवर बोललात तरी चालेल, पण चव सांगा.

---

खिरापत (परतवाड्याजवळचं माहेर)

पांदण भाऊ, तुमची कापसाची खोली वाचली. मी तो कापूस वेचणाऱ्यांतली. तुमच्या गावची नाही, पण तशाच एका वावरातली. तुम्ही उड्या मारून राहिले तेव्हा आम्ही बाहेर वजनकाट्याजवळ उभ्या होतो. टोमणा नाही मारत, तुम्ही काम कसं चालायचं ते सांगा म्हटलं म्हणून सांगते.

कापूस बोटांनी ओढायचा असतो, मुठीने नाही. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि टोकं सुईसारखी होतात. ती बरोबर नखाच्या मुळाशी लागतात. दोन-तीन दिवसांत दहाही बोटांची कातडी उलते, मग मीठ-मिरचीला हात लावायची सोय नाही. आई रात्री तेल-हळद लावायची आणि मी वरणभात डाव्या हाताने, चमच्याने खायची. घरात एकच चमचा होता.

सकाळी दहिवर असताना वेचलं तर कापूस जड भरते, हे आम्हा पोरींना पहिल्याच हंगामात कळलं होतं. मालकालाही कळत होतं. म्हणून तो ऊन चढेपर्यंत धुऱ्यावर बसून राहायचा आणि वेचू द्यायचा नाही. संध्याकाळी बाभळीच्या फांदीला काटा टांगायचे. मोठ्या बायांचं गाठोडं वेगवेगळं मोजलं जायचं. माझं आईच्या गाठोड्यात जायचं. म्हणून मी लहानपणी किती कापूस वेचला याचा कुठेच हिशेब नाही. वेचणीच्या दिवसांत शाळेतल्या मुलींच्या रांगा रिकाम्या दिसायच्या. गुरुजी हजेरी घेताना नावावर थांबायचे, मान वर करायचे आणि पुढे जायचे.

सीतादहीचा दिवस मात्र मला आवडायचा. वेचणी सुरू होण्याच्या आधी वावरात दहीभात न्यायचा, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पूजा करायची, चारी बाजूंनी भात उडवायचा. उरलेला भात तिथंच बसून खायचा. मालकीणबाई त्या दिवशी स्वतः वाढायची.

आता तुमच्या फॉरवर्डबद्दल. त्यात मुली असतात का हो? असल्या तर सागरगोटे खेळत असतात. आमची भुलाबाई कोणी टाकत नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून अश्विनातल्या कोजागिरीपर्यंत महिनाभर, रोज संध्याकाळी. कुंभाराकडून भुलाबाई-भुलोजी आणायचे, कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा. टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची, आणि ज्या घरी गाणी त्या घरची खिरापत. पण खिरापत अशी मिळत नाही, ओळखावी लागते. डब्बा हलवून दाखवायचा आणि पोरी विचारणार: गोड का खारट? तळलेलं का भाजलेलं? दाणे का डाळ?

खरा खेळ तिथे होता. ज्यांच्याकडे बर्फी-लाडू, त्यांचं ओळखणं सोपं, कारण वास येतो. आमच्याकडे बहुतेक फुटाणे आणि गूळ. पण माझी आई डब्ब्यात एका बाजूला ओलं फडकं कोंबायची आणि फुटाण्यांसोबत चार चिंचोके टाकायची. आवाज असा यायचा की कोणाच्या बापाला समजू नये. सगळ्या गल्लीतल्या पोरी हरायच्या. मग आई पदरात हात पुसत बाहेर यायची आणि झाकण काढायची. आईला गल्लीत हसताना मी त्याच एका महिन्यात पाहिलं आहे.

सुकडीची चव: गोड, थोडी करपलेली, आणि टाळूला चिकटते. मी घरी न्यायची, फ्रॉकच्या घेरात.

---

धुऱ्यावरचा (गावातच)

पांदण भाऊ, राम राम. तुम्ही लोकं पुण्याहून आठवता, आम्ही इथंच हाओ. आम्हाले आठवाची गरजच पडत नाही. तेच वावर, तेच पांदण. पांदणीत आताही बंडीचं चाक फसते, फक्त आता ट्रॅक्टरचं फसते.

तुमच्या दोन गोष्टीत भर घालतो. एक म्हंजे कापसाची खोली गेली नाही. भाव नसला का लोकं अजूनही घरातच भरून ठेवतात. फक्त आता पोट्टे उड्या मारत नाहीत, मोबाईल घेऊन वर झोपते. आन् पऱ्हाटी ती राह्यली नाही. आपल्या वक्ती एच-४ होती, वर्षभर उभी राहे, पार मार्च-एप्रिललोक वेचणी चाले. शेवटी शेवटी फक्त कवडी राहे. कवडी म्हंजे किडक्या बोंडातला पिवळा, चिकट कापूस. तो आम्हा पोट्ट्याईचा. दुपारभर वेचून दुकानात द्याचा आन् बदल्यात गुळाची पट्टी घ्याची. २००२ नंतर बीटी आलं, मंग सगळं एकदम फुटते, एकदम संपते. पोट्ट्याची कमाई तिथंच बुडाली पाह्य.

दुसरी गोष्ट म्हंजे तुम्ही पोळा लिहिलाच नाही. विसरले का? का पुण्यात पोळा नसते म्हणून?

आदल्या दिवशी खांदशेकणी. बैलाच्या खांद्यावर जू घासून घासून घट्टा पडते. तिथं हळद-तूप चोळाचं, पळसाच्या पानानं शेकाचं आन् कानात म्हणाचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे म्हणाचं काम माह्या बापानं मले सातव्या-आठव्या वर्षी देलं. मोठा बैल मारका होता. त्याच्या कानाजवळ जाऊन आवतन देणं म्हंजे माह्यासाठी परीक्षाच. माही बुढी मांगून शेपटी धरून उभी राहे, शेपटी धरली का बैल लाथ मारत नाही असं तिचं म्हणणं. मारे.

दुसऱ्या दिवशी बेगड, गेरू, मटाट्या, नवी वेसण. मानाची जोडी पहिले, मंग बाकीच्या तोरणाखाली. आन् झडत्या. फॉरवर्डवाल्याले झडती म्हंजे काय ते समजाचंच नाही. देवाच्या नावानं सुरू होते आन् दोन ओळींत पाटलाच्या घरात घुसते. कोणाचं पीक बुडालं, कोणाची सून पळाली, सोसायटीचा सचिव काय खाते, सगळं यमक जुळवून, सगळ्या गावापुढं, आन् शेवटी "हर बोला, हर हर महादेव". ज्याच्यावर झडती झाली त्यानंही हर बोलाच लागते. रागवला तर पुढच्या साली अजून दोन.

तोरण तुटलं का पोट्टे जोडी घेऊन घरोघर. बोजारा भेटे, कोणी आठ आणे, कोणी नुसती शिव्यांची पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी कर, सकाळी पळसाचे मेढे दारातून उचलून गावाभाईर फेकाचे आन् वरडाचं, "रोगराई घेऊन जाय गे मारबत." दुपारी तान्हा पोळा, लाकडाचे बैल. माह्या बैलाले शिंगं नव्हते, सुताराले ज्वारी कमी देली म्हणून त्यानं शिंगाचं काम उधार ठेवलं. ते कामही मंग झालं नाही.

खिरापत ताई, तुमचं बरोबर हाय. माह्या मायचंही तसंच होतं.

---

तणीस (वडसा भाग)

का जी, सगळं वऱ्हाडच चाललं आहे. आमच्याकडे कापूसही नाही आणि शकुंतलाही नाही. धान आहे, तलाव आहे आणि नाटक आहे. माझ्या जन्माच्या वेळी आमचा जिल्हा चंद्रपूर होता, १९८२ ला गडचिरोली झाला. तेव्हा वडशालाही छोटीच गाडी यायची.

दिवाळी झाली की मंडई. एकेका गावाचा दिवस ठरलेला. सगळे सोयरे त्या दिवशी त्या गावी जमणार. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पटाला आलेला माणूस रात्री परत जाणार कसा? म्हणून नाटक. आणि नाटक संपते ते उजाडल्यावरच, कारण अंधारात बंडी हाकणार कोण? कोणी ठरवून केलं असेल असं नाही, पण जमलं होतं बरोबर.

आम्ही बंडीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून निघायचो. तेच तणीस नाटकाच्या जागी अंथरायचं, तेच अंगावर घ्यायचं आणि सकाळी तेच बैलांना खायला. माझी आई सोबत भाजलेल्या शेंगा आणि एक तांब्याभर पाणी घ्यायची आणि तांब्या रात्रभर मांडीत धरून बसायची. कारण एकदा कोणीतरी नाटकाच्या भरात तांब्या नेला होता. दुसऱ्या अंकापर्यंत आम्ही पोरं झोपलेली. मग खलनायक मोठ्याने हसला की दचकून उठायचं, पाहायचं आणि परत झोपायचं. म्हणून माझ्या डोक्यात लहानपणीच्या सगळ्या नाटकांत फक्त खलनायकच आहे. नायक कोण होता, विचारू नका.

शेजारच्या गावचा एक शिंपी बाईचं काम करायचा. दिवसा आमच्या चड्ड्या शिवायचा, रात्री स्टेजवर रडायचा आणि अख्खं गाव त्याच्यासोबत रडायचं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो की आम्हाला त्याच्याकडे पाहायची लाज वाटे. तो मात्र दातात दोरा धरून बटण लावत असे.

पटावर २०१४ ला कोर्टाची बंदी आली तेव्हा मंडईची गर्दी एकदम उतरली, पटाविना कितीतरी गावांनी नाटकही घेतलं नाही. २०२१ च्या शेवटी पट पुन्हा मोकळा झाला. आता मी पाहुण्यासारखा जातो, खुर्चीवर बसतो, पाठ दुखते. तणसावर दुखत नव्हती जी.

---

सरकी (यवतमाळ)

मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, तेवीस वर्षांचा. इथं बोलावं की नाही माहीत नाही, पण धागा वाचून राहिलो. शकुंतलेत मी एकदाच बसलो, बाबांच्या मांडीवर. डिझेलची होती. एवढंच आठवते की खिडकीतून हात काढला तर झाडाची पानं हातात येत होती.

मला झडत्यांबद्दल विचारायचं होतं. माझ्या आजोबांना खूप येतात. मी फोनवर रेकॉर्ड करायला बसलो, तर ते अर्ध्यावर थांबतात, एकटेच हसतात आणि पुढची म्हणत नाहीत. म्हणतात, त्यात नावं आहेत, ती माणसं गेली पण पोरं गावात आहेत. मग लिहून ठेवायचं कसं?

---

पांदण

सरकी, तू बोलावंच. नावं गाळून लिहू नकोस, गाळलेली झडती म्हणजे नुसतं यमक उरते. आजोबांना सांग, रेकॉर्डिंग कोणाला ऐकवणार नाही, आधी घरातच ठेवू. वहीत नावाच्या जागी खूण कर आणि खुणेची यादी वेगळ्या कागदावर आजोबांच्याच पेटीत राहू दे. आणि फोन समोर धरू नकोस. आमच्या बाबांना मी असं विचारलं की ते एकदम भाषण दिल्यासारखं बोलायला लागायचे. शेंगा फोडायला बसव, फोन खिशात ठेव. पण आधी सांगून ठेव, चोरून नको.

खिरापत ताई, हिशेब नसलेलं गाठोडं वाचून मी आईला फोन लावला. विचारलं, आपल्या वावरात वेचायला येणाऱ्या बायांसोबत पोरी यायच्या का? आई म्हणाली, "यायच्या ना. तुले काऊन आता?" मग तिनं तिघी-चौघींची नावं घेतली, कोणाची कोण, कुठे दिली, कोणाला किती लेकरं. मला एकही चेहरा आठवला नाही. त्यातली एक माझ्याच वर्गात होती, आईला माहीत होतं. ती आमच्या ग्रुपमध्ये नाही, दहावीपर्यंत पोहोचलीच नाही, तर बॅचमध्ये कुठून येणार? आई म्हणते ती कळंबला दिली आहे, फोन नंबर काढून देते.

चिंचोक्यांची युक्ती मी घरी सांगितली. माझ्या मुलीनं लगेच डबा आणला. इथं चिंचोके नव्हते, तिनं राजमा टाकला.

तणीस, शिंप्याचं आणखी लिहा ना. वेगळा धागा काढा वाटल्यास. त्याला बिदागी काय मिळायची, साड्या कोणाच्या नेसायचा? आमच्याकडे दंडार यायची, पण रात्रभराचं नाटक नव्हतं.

धुऱ्यावरचे भाऊ, पोळा विसरलो नाही. मुद्दाम ठेवला होता, कोणीतरी माझ्यापेक्षा बरं सांगेल म्हणून. एक शंका आहे. आमच्याकडे आवतन देताना बैलाच्या खांद्याला लोणी लावायचे, तूप नाही. तुमच्याकडे तूपच का?

---

धुऱ्यावरचा

ज्याच्या घरी जे असंन ते. लोणी असलं तर लोणी. आमच्या घरी कधी कधी गोडं तेलही लावलं हाय, बैलानं काही म्हटलं नाही.

---

खिरापत

त्या कळंबच्या बाईला फोन कराल तेव्हा एकदम लहानपणीचं विचारू नका भाऊ. आधी तब्येत-पाणी विचारा. ती म्हणेल, कोण बोलते? मग आईचं नाव सांगा, तुमचं नको. आईचं नाव तिला लगेच लागेल.

आणि राजमा नको, आवाज फार गोल येतो. पुण्यात चिंच मिळते, बी असलेली आणा आणि बिया धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. ओल्या चिंचोक्याचा आवाज येत नाही.

---

तणीस

साड्या बायकोच्या नेसायचा. तीही नाटकाला यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि पदर मातीत लोळला की तिथूनच ओरडायची. बाकी धागा काढतो जी, धान कापणं होऊ द्या.

---

धुऱ्यावरचा

पांदण भाऊ, यंदा पोळ्याले या. गावात आता तेव्हाच्या मानानं जोड्या लय कमी हायेत, तोरण लहान बांधतो. बाकीचे ट्रॅक्टर धुऊन, हार घालून आणते, त्याईलेही आम्ही तोरणाखालून काढतो, कोणाचं मन कायले मोडाचं. पण झडती म्हणाले माणूस नाही. मागच्या साली एका पोट्ट्यानं मोबाईलमधून वाचली, आन् मधातच त्याले फोन आला. सरकीच्या आबाजीले विचारून पाहा, येतीन का. बंडी नाही, माही गाडी पाठवतो दारव्ह्याले. नावासकट म्हणा म्हणावं, इथं सगळ्याईले माहीत हाय कोण काय होतं ते.